सर्व्हर बसला की स्टेटसचं पानही गप्प : अपाचीच्या वर्करांची दर सोमवारची कोंडी

सोमवारी सकाळी दहा-सव्वादहाला फोन यायचा. "साहेब, साइट परत बसली." मी सर्व्हरवर जायचो, अपाची, म्हणजे साइटची पानं वाटणारा वेब-सर्व्हरचा प्रोग्राम, रिस्टार्ट करायचो, दहा सेकंदांत साइट उठायची. पलीकडून "आली, आली" ऐकू आलं की विषय संपला. पुढच्या सोमवारपर्यंत. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या तोंडावर, असे सलग सहा सोमवार गेले. सहाव्या सोमवारी माझी मलाच लाज वाटली, कारण मी दुरुस्ती करत नव्हतो, दर आठवड्याला पुरावा पुसत होतो. रिस्टार्टने साइट उठते हे खरं, पण कोण कशासाठी अडकलं होतं हे सांगणाऱ्या सगळ्या प्रक्रियाही त्याच क्षणी मरतात.

ही साइट खतं-बियाण्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची. तालुक्या-तालुक्यांतले दुकानदार लॉगिन करून मालाची मागणी टाकतात. डेबियन लिनक्सचा एकच सर्व्हर, ८ जीबी मेमरी, अपाची २.४, प्रीफोर्क पद्धतीने (प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रक्रिया), पीएचपी अपाचीच्या आतच मॉड-पीएचपी म्हणून. जुनी मांडणी आहे, पण आपल्याकडच्या छोट्या व्यवसायांचे बरेच सर्व्हर आजही असेच असतात.

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे का ते कळेल. पान उघडत नाही, पण एररही येत नाही; नुसतं गोल फिरत राहतं. सीपीयू थंड. मेमरी ठीक. डेटाबेसमध्ये मोजक्या क्वेऱ्या सोडल्या तर सामसूम. पिंग चालू. बाहेरून पोर्ट तपासणारी सेवा हिरवा दिवा दाखवते. आणि एरर लॉगमध्ये एकच ओळ : मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्सची, म्हणजे एका वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियांची (वर्करांची), मर्यादा गाठली, वाढवण्याचा विचार करा.

या ओळीने मला दोनदा फसवलं. पहिलं म्हणजे ती एकदाच लिहिली जाते. अपाची एकदा ही तक्रार नोंदवतो आणि पुढच्या पूर्ण रिस्टार्टपर्यंत पुन्हा नोंदवत नाही. त्यामुळे 'लॉगमध्ये एकदाच आलंय, म्हणजे एकदाच झालं असेल' हा निष्कर्ष चुकीचा. दुसरं, मी तिचा सल्ला ऐकला. डेबियन प्रीफोर्कसाठी १५० ही मर्यादा घालून देतो. तिसऱ्या सोमवारनंतर मी ती २५० केली. चौथ्या सोमवारी साइट बसलीच, फक्त काही मिनिटं उशिरा. शिवाय एकेक प्रक्रिया चाळीसेक एमबीची असल्यामुळे मेमरी भरून स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरणं, सुरू झालं, आणि आधी नुसती अडकलेली साइट आता रखडूही लागली. मर्यादा परत १५० केली.

पोर्टचा हिरवा दिवा का फसवतो तेही इथेच सांगून टाकतो. टीसीपीचं हस्तांदोलन, म्हणजे जोडणी जुळवण्याची पहिली देवाणघेवाण, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल करतो, अपाची नाही. सगळे वर्कर गुंतलेले असले तरी नवं कनेक्शन कर्नलच्या रांगेत जाऊन बसतं आणि बाहेरच्याला वाटतं, जोडणी झाली. ही रांग बघायची असेल तर एसएस या आज्ञेला फक्त ऐकणारी सॉकेट दाखवायला सांगा. त्या यादीत रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत किती जण आहेत, आणि सेंड-क्यू म्हणजे रांग जास्तीत जास्त किती लांब होऊ शकते. अपाची ५११ ची रांग मागतो, पण कर्नलची सोमॅक्सकॉन नावाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच लागू होते. लिनक्स ५.४ च्या आधी ती मुळात १२८ होती, नंतर ४०९६ झाली. साइट बसलेली असताना ऐंशी नंबरच्या पोर्टवर रिसीव्ह-क्यू शून्याहून बराच वर दिसला, तर प्रश्न नेटवर्कचा नाही, वर्कर मोकळे नाहीत एवढं नक्की.

पण कोण अडकलंय? त्यासाठी अपाचीमध्ये मॉड-स्टेटस असतं. सर्व्हर-स्टेटस हा पत्ता उघडला की प्रत्येक वर्कर काय करतोय ते एकेका अक्षराने दिसतं. अधोरेषा म्हणजे मोकळा, आर म्हणजे विनंती वाचतोय, डब्ल्यू म्हणजे उत्तर देतोय, के म्हणजे उत्तर देऊन पुढच्या विनंतीची वाट बघत जोडणी धरून बसलाय (हेच कीप-अलाइव्ह), नुसतं टिंब म्हणजे जागा आहे पण प्रक्रियाच नाही. पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर ऑटो जोडलं तर हेच सगळं यंत्राला वाचता येईल अशा साध्या ओळींत मिळतं. मी आधीच्याच वर्षी पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. ती दर मिनिटाला क्रॉन या वेळापत्रकातून चालायची, व्यस्त किती आणि मोकळे किती हे दोन आकडे फाइलमध्ये टाकायची. मी मोठ्या आशेने ती फाइल उघडली. ९:५८ ला व्यस्त १९. ९:५९ ला व्यस्त ३४. नंतर थेट १०:२१, व्यस्त ६. मधल्या एकवीस मिनिटांची एकही ओळ नाही.

गावच्या बँकेत गर्दी किती आहे बघून ये म्हणून पोराला पाठवावं आणि तो बिचारा स्वतःच टोकन घेऊन बसून राहावा, तसं हे झालं. स्टेटसचं पान अपाचीच देतो, म्हणजे ते द्यायलाही एक मोकळा वर्कर लागतो. सगळे वर्कर अडकले की माझी स्क्रिप्ट दुकानदारांच्या मागे, त्याच रांगेत. त्यात मी तिला टाइमआउट दिलेला नव्हता. पायथनच्या अर्लिबला (पत्ते उघडणाऱ्या मॉड्यूलला) आपण सांगितलं नाही तर तो थांबतच राहतो. त्यामुळे दर मिनिटाला एक नवी स्क्रिप्ट रांगेत येऊन उभी राहत होती. निरीक्षणानेच गर्दीत भर.

पहिला धडा हा की उत्तर न मिळणं हीसुद्धा नोंद आहे. आता माझी स्क्रिप्ट उत्तर आलं नाही तर ओळ गाळत नाही, वेळ टाकून पुढे 'गप्प' असं लिहिते. एवढ्यानेही कोंडी कधी सुरू झाली ते मिनिटाच्या हिशेबात कळतं. पण मला कोंडीच्या आत काय चाललंय ते बघायचं होतं, आणि त्यासाठी एक युक्ती सापडली. साधी आहे, पण प्रीफोर्कवर पक्की चालते.

प्रीफोर्कमध्ये एक जोडणी म्हणजे एक प्रक्रिया. जोडणी कीप-अलाइव्हवर उघडी आहे तोवर ती प्रक्रिया दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. एरवी हा प्रीफोर्कचा दोष मानतात. आपण तोच वापरायचा : साइट सुरळीत असतानाच स्क्रिप्टने एक जोडणी उघडायची आणि ती सोडायचीच नाही. १५० पैकी एक वर्कर कायमचा निरीक्षणाला दिला. मग बाकीचे १४९ अडकले तरी आपला माणूस आत बसलेलाच आहे.

त्यासाठी अपाचीत वेगळं पोर्ट केलं. लिसन या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ (फक्त त्याच यंत्राला दिसणारा पत्ता) आणि पोर्ट ८०८१, त्यावर एक छोटा व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे वेगळी उपसाइट, त्यात सर्व्हर-स्टेटसखेरीज काहीही नाही. त्या होस्टपुरता कीप-अलाइव्ह-टाइमआउट ३० सेकंद केला, कारण मूळचे ५ सेकंद मला पुरत नव्हते. मी दर १५ सेकंदांनी विचारणार होतो. आणि मॅक्स-कीप-अलाइव्ह-रिक्वेस्ट्स शून्य केलं. ते मूळचं १०० असतं, म्हणजे शंभर विनंत्यांनंतर अपाची जोडणी तोडतो. शून्य म्हणजे मर्यादा नाही. सार्वजनिक साइटवर या दोन गोष्टी अशा ठेवू नका. तिथे त्या वर्कर खातील.

वेगळ्या पोर्टचे आणखी दोन फायदे झाले. वर्डप्रेससारख्या साइटवर सर्व्हर-स्टेटस उघडायला गेलं की बहुधा वर्डप्रेसचंच 'पान सापडलं नाही' दिसतं, कारण तिथले पत्ते वळवणारे रीराइटचे नियम तो पत्ता गिळतात. स्वतंत्र होस्टवर ते नियमच नाहीत. दुसरं सुरक्षेचं. डेबियनमध्ये हे पान मुळात फक्त स्थानिक यंत्रालाच दिसतं. पण अपाचीच्या पुढे त्याच यंत्रावर एंजिनेक्स किंवा दुसरी कुठली प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ) असेल, तर अपाचीच्या दृष्टीने जगातली प्रत्येक विनंती स्थानिकच असते. मग तुमच्या ग्राहकांचे आयपी आणि ते कुठली पानं बघतायत हे कोणालाही दिसू शकतं. आत्ताच मोबाइलवरून तुमच्या साइटचा तो पत्ता उघडून बघा. मी एका ओळखीच्याला हेच सांगितलं तेव्हा तो जेवणावरून उठला होता.

आता या स्क्रिप्टमागची माझी पायथनची लायब्ररी. लायब्ररी म्हणायलाही संकोच वाटावा इतकी ती छोटी आहे : एक फाइल, सत्तरेक ओळी, पायथनबरोबर येणाऱ्या गोष्टींपलीकडे काहीच लागत नाही. तयार निरीक्षण-यंत्रणा ढिगाने आहेत, पण मला एका सर्व्हरवर एक आठवडा एकच गोष्ट बघायची होती, आणि त्यासाठी डॅशबोर्ड उभारत बसणं म्हणजे उंदीर पकडायला भिंत पाडण्यासारखं. तिच्यात चार फंक्शनं आहेत : आणा, फोडा, फरक आणि लिहा. नावं खरोखर मराठीतच ठेवली आहेत. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात. फक्त एक खोडा आहे. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारा जोडक घुसवतात. तो नावात आला की पायथन अडून बसतो आणि डोळ्यांना तर चूक दिसत नाही. तेव्हा साधी अक्षरं वापरा.

'आणा' हे अर्लिब सोडून एचटीटीपी-क्लायंट वापरतं, कारण जोडणी हातात धरून ठेवायची आहे. टाइमआउट ३ सेकंद. मागच्या विनंतीचं उत्तर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय त्याच जोडणीवर पुढची विनंती पाठवता येत नाही, हे विसरलात तर पायथन विचित्र एरर देतो. लॉग फिरवताना अपाची हळुवारपणे रीलोड होतो तेव्हा आपली जोडणी तुटते. तशी ती तुटली तर एकदा नव्याने जोडायचं, तरीही जमलं नाही तर 'गप्प' लिहायचं.

'फोडा' दोन प्रकारचं आहे. ऑटोवाल्या ओळी कोलनवर तोडल्या की काम झालं. पण त्यात कोणत्या वर्करवर कोणतं पान चाललंय ते नसतं. ते फक्त एचटीएमएलच्या तक्त्यात असतं. तो तक्ता पायथनच्याच एचटीएमएल-पार्सरने वाचला. इथे माझा एक अख्खा तास गेला. मी स्तंभ क्रमांकाने मोजत होतो, आणि घरच्या यंत्रावर बरोबर चालणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर भलतंच वाचत होती. कारण २.४ च्याच पुढच्या आवृत्त्यांत या तक्त्यात प्रोटोकॉल आणि डर असे स्तंभ वाढले आहेत. क्रमांकाने मोजू नका, शीर्षकाच्या ओळीतून नाव शोधून त्यावरून घ्या. शिवाय डब्ल्यूसारखी काही अक्षरं ठळक टॅगमध्ये असतात, काही साधी, म्हणून एका खणातला सगळा मजकूर गोळा करून, कडेच्या मोकळ्या जागा छाटून मगच वापरा. मला हवे होते पाच स्तंभ : पीआयडी म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक, एम म्हणजे अवस्था, एसएस (वरची आज्ञा नव्हे) म्हणजे सध्याची विनंती सुरू होऊन झालेले सेकंद, क्लायंट आणि रिक्वेस्ट.

'फरक' का लागतं? ऑटोमध्ये रिक्वेस्ट-पर-सेकंद असा तयार आकडा मिळतो आणि सगळे तोच आलेखावर टाकतात. तो आत्ताचा वेग नाही. सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या एकूण विनंत्यांना तेवढ्या सेकंदांनी भागून काढलेली ती सरासरी आहे. सर्व्हर महिनाभर चालू असेल तर दहा मिनिटांच्या कोंडीने तो आकडा हलतसुद्धा नाही. आलेख सपाट, आणि आपण म्हणतो, भार तर नेहमीचाच आहे. टोटल-अॅक्सेसेस, म्हणजे एकूण विनंत्यांच्या आकड्यातून, मागच्या वेळचा आकडा वजा करायचा आणि मधल्या सेकंदांनी भागायचं. वजाबाकी उणे आली तर मध्ये कोणीतरी रिस्टार्ट केलं, तेही लिहून ठेवायचं.

रविवारी रात्री हे सगळं सुरू करून झोपलो. सोमवारी पावणेदहापासून फाइल उघडून बसलो. फोन करणाऱ्या त्यांच्या हिशेबनिसांनाही आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, आज बसली तर पाच मिनिटं कळ काढा, लगेच रिस्टार्ट नको." त्यातल्या काही ओळी, आकडे तसेच, मजकूर आखूड करून (वेग म्हणजे दर सेकंदाला विनंत्या) :

१०:०३:१५ · व्यस्त ४१ · मोकळे १० · वेग २२
१०:०४:०० · व्यस्त ७८ · मोकळे ८ · वेग १९
१०:०४:४५ · व्यस्त ११७ · मोकळे ६ · वेग ११
१०:०५:३० · व्यस्त १५० · मोकळे ० · वेग ३

वर्कर वाढतायत आणि वेग पडतोय. गर्दी खरोखर वाढली असती तर दोन्ही वाढले असते. म्हणजे लोक जास्त आलेले नाहीत, आलेले लवकर बाहेर पडत नाहीत. हे निदान आलेखाशिवाय, नुसत्या चार ओळींत झालं, आणि ते वेग खरा मोजल्यामुळे झालं.

तक्त्यात १५० पैकी १३४ जण डब्ल्यूमध्ये. त्यातले वीसेक खातेउताऱ्याच्या पानावर, एसएस वीस ते चाळीसच्या दरम्यान. बाकीचे शंभराहून जास्त मात्र शिल्लक साठा सांगणाऱ्या एका फुटकळ पत्त्यावर. मागणीचं पान उघडं असताना ब्राउझर दर ५ सेकंदांनी हा पत्ता मारतो, गोदामात कुठला माल किती उरलाय ते ताजं ठेवायला. त्याची क्वेरी काही मिलिसेकंदांची. आणि तक्त्यात त्याचा एसएस तीस, पस्तीस! डेटाबेसमध्ये बघितलं तर तिथे ती क्वेरी चालूच नव्हती. म्हणजे हे वर्कर डेटाबेसपर्यंत पोचलेच नव्हते.

क्लायंटच्या स्तंभावरून मी आधी भलतीकडे गेलो. एकाच आयपीवरून सव्वीस वर्कर दिसत होते, वाटलं कोणीतरी हल्ला करतंय. पण मोबाइल नेटवर्कवर ढिगाने ग्राहक एकाच आयपीमागे असतात, आणि आमचे बहुतेक दुकानदार मोबाइलच्या डेटावरच. आयपीवरून माणसं मोजायचे दिवस गेले.

मग अडकलेल्या एका पीआयडीला एस-ट्रेस (प्रक्रिया कर्नलकडे काय मागतेय ते दाखवणारं साधन) लावला. एकच ओळ, तीही अपुरी : फ्लॉक, लॉक-ईएक्स. प्रक्रिया एका फाइलचं कुलूप मिळायची वाट बघत होती. दुसऱ्या पीआयडीलाही तेच. तिसऱ्यालाही.

इथून पुढे एस-ट्रेसची गरज नाही, आणि हा भाग मला सगळ्यात उपयोगाचा वाटला म्हणून सविस्तर लिहितो. लिनक्समध्ये प्रॉकखाली लॉक्स नावाची फाइल असते. यंत्रावरची सगळी फाइल-कुलुपं तिच्यात ओळीने दिसतात : कोणत्या पीआयडीने धरलंय, आणि कोणत्या फाइलचं, म्हणजे तिचा आयनोड, डिस्कवरच्या फाइलचा ओळख-क्रमांक. ज्या ओळीत बाण असतो तो वाट बघणारा. मी लायब्ररीत पाचवं फंक्शन टाकलं, 'कुलुपे' : बाणाच्या ओळी घ्यायच्या, आयनोडप्रमाणे मोजायच्या, आणि त्याच आयनोडचं कुलूप कोणाच्या हातात आहे तो पीआयडी स्टेटसच्या तक्त्याशी जुळवायचा. उत्तर असं आलं की एका आयनोडमागे पाच जण वाट बघतायत, आणि कुलूप धरणारा खातेउतारा काढतोय. दुसऱ्या आयनोडमागे पाच, कुलूप खातेउताऱ्याकडे. तिसऱ्यामागे सात. फाइंड या आज्ञेला आयनोड देऊन फाइल शोधली तर ती पीएचपीच्या सेशनच्या फोल्डरमध्ये.

पीएचपीचं सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची पानापानांत जपलेली माहिती, मुळात फाइलमध्ये राहतं, आणि सेशन-स्टार्ट म्हटलं की ती फाइल कुलूपबंद होते. स्क्रिप्ट संपेपर्यंत, किंवा आपण मुद्दाम सोडेपर्यंत, कुलूप तसंच. एकाच माणसाच्या दोन विनंत्या त्यामुळे एकामागून एकच चालतात. त्यात चूक काही नाही, तसं नसतं तर एकाच सेशनमध्ये दोघांनी एकाच वेळी लिहून गोंधळ केला असता. पण खातेउतारा काढायला चाळीस सेकंद लागत असतील, तर तेवढा वेळ त्या दुकानदाराची प्रत्येक विनंती कुलपापाशी उभी, आणि प्रत्येक उभी विनंती एक अख्खा वर्कर धरून.

आता हिशेब करा. चाळीस सेकंदांत दर पाच सेकंदांनी एक म्हणजे आठ विनंत्या. पण एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटला एका वेळी सहाच जोडण्या करतो, आणि प्रीफोर्कवर एचटीटीपी २ चालत नाही. तेव्हा एक खातेउतारा आणि पाच साठा, असे एका माणसामागे सहा वर्कर. १५० भागिले सहा, पंचवीस. एकाच वेळी पंचवीस दुकानदारांनी खातेउतारा उघडला की साइट बंद. सोमवारी मागणी टाकण्याआधी प्रत्येकजण आपली बाकी किती ते बघतो, आणि मृगाच्या तोंडावर पंचवीस हा आकडा काहीच नाही. बाकी वर्षभर तो क्वचित गाठला जात होता, म्हणून साइट 'चांगली चालत' होती.

वर सात कसे? कंटाळून रिफ्रेश मारल्यामुळे. ब्राउझर जुनी जोडणी सोडतो आणि नवी करतो, पण सर्व्हरवर कुलपापाशी उभ्या प्रक्रियेला समोरचा माणूस निघून गेल्याचं कळतच नाही. पीएचपी काही तरी बाहेर पाठवायला जातं तेव्हाच त्याच्या ते लक्षात येतं. आणि 'पीएचपीची ३० सेकंदांची वेळमर्यादा आहे ना, ती कुठे गेली' असं विचारत असाल, तर लिनक्सवर त्या मर्यादेत स्क्रिप्टचा स्वतःचा वेळच धरला जातो. कुलपाची वाट, डेटाबेसची वाट, यांतला वेळ मोजला जात नाही. कुलपापाशी तासभर उभं राहिलं तरी घड्याळ पुढे सरकत नाही.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली, आणि तिन्ही मिळून पंधरा ओळीही नव्हत्या. साठ्याच्या पत्त्याला सेशनमधून फक्त दुकानदाराचा क्रमांक लागतो, लिहायचं काहीच नसतं; तिथे सेशन-स्टार्टला रीड-अँड-क्लोज हा पर्याय दिला, जो पीएचपी ७ पासून आहे. तरी वाचण्यापुरतं कुलूप घ्यावंच लागतं, म्हणून खरी दुरुस्ती खातेउताऱ्याच्या पानात : लॉगिन तपासून झालं की क्वेरीच्या आधी सेशन-राइट-क्लोज. आणि ब्राउझरमधल्या कोडमध्ये, मागच्या विनंतीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवायची नाही. ठरलेल्या ठोक्याने पत्ता मारत राहणारा टायमर हा असा प्रकार आहे की सगळं नीट असताना तो निरुपद्रवी, आणि काही बिघडलं की जखमेवर मीठ.

सेशन-राइट-क्लोजचा एक फटका मात्र बसला. त्या ओळीनंतर सेशनमध्ये जे लिहाल ते कुठेही साठत नाही, आणि पीएचपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. खातेउताऱ्याच्या शेवटी आम्ही 'शेवटी कधी पाहिला' ही वेळ सेशनमध्ये ठेवत होतो, ती गोठली. दोन दिवसांनी एका दुकानदाराच्या लक्षात आलं. तेव्हा ती ओळ घालण्याआधी, त्या पानाच्या खालच्या भागात सेशनला कुठे हात लागतोय ते शोधून घ्या. 'सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसात) ठेवा, कुलूपच नको' असा सल्लाही मिळेल. पीएचपीच्या रेडिस जोडणीत कुलूप मुळात बंदच असतं, त्यामुळे कोंडी जाईल हे खरं, पण दोन विनंत्या एकमेकींचं लिहिलेलं पुसतील, आणि मागणीच्या टोपलीतून एखादं पोतं गायब झालं तर त्याचा माग काढणं या कोंडीपेक्षा अवघड. मी नाही केलं.

पुढच्या सोमवारी फोन आलाच. "साहेब, साइट चालू आहे, पण खातेउतारा अजून कासवच आहे." रास्त तक्रार. खतावणीच्या तक्त्यात दुकानदार आणि तारीख यांवर मिळून इंडेक्सच नव्हता. दर उताऱ्याला सगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी चाळल्या जात होत्या. इंडेक्स टाकला, चाळीस सेकंदांचं काम एका सेकंदाच्या आत आलं. कोणी म्हणेल, हेच आधी केलं असतं तर कोंडी झालीच नसती. खरं आहे. पण कुलूप तसंच राहिलं असतं, आणि पुढचं एखादं जड पान येईपर्यंत मला ते कळलंही नसतं.

तुमच्याकडे डब्ल्यू नसून दुसरंच अक्षर भरलेलं असेल तर थोडक्यात. के जास्त असतील आणि प्रीफोर्क असेल तर कीप-अलाइव्ह-टाइमआउट दोन सेकंदांवर आणा. आर भरले असतील तर कोणीतरी जोडणी करून विनंती पुरी पाठवत नाहीये : संथ नेटवर्क, किंवा स्लोलोरिससारखा हल्ला, जो २००९ पासून माहीत आहे, मॉड-रेक्टाइमआउट चालू आहे का बघा. जी हे अक्षर दिसलं तर रीलोडनंतर जुने वर्कर हातातलं काम संपवतायत, मोठ्या फाइल उतरवणारे असतील तर वेळ लागतो. डी दिसला तर बहुधा कोणीतरी होस्टनेम-लुकअप्स चालू करून ठेवलंय, बंद करा. एल साचले तर लॉगची डिस्क तपासा. आणि व्यस्तमध्ये एक डब्ल्यू नेहमीच असणार. तो तुमच्याच स्टेटसच्या विनंतीचा.

डब्ल्यूच असतील पण प्रॉकच्या लॉक्समध्ये बाण नसतील, तर रिक्वेस्टचा स्तंभ नीट वाचा. साइट स्वतःच्याच एखाद्या पत्त्याला आतून कर्लने विनंती पाठवतेय का? तसं असेल तर प्रत्येक पानाला दोन वर्कर लागतात, आणि पहिल्या अर्ध्यांनी सगळ्या जागा भरल्या की दुसऱ्या अर्ध्यांना जागा मिळत नाही. सगळे एकमेकांची वाट बघत उभे. त्या कर्लला टाइमआउट द्या, किंवा ते काम फंक्शन म्हणून थेट बोलवा.

जोडणी धरून ठेवायची युक्ती अपाचीच्या इव्हेंट पद्धतीत चालत नाही. तिथे कीप-अलाइव्हच्या जोडण्या वर्करकडे न राहता ऐकणाऱ्या धाग्याकडे जातात, त्यामुळे राखीव जागा अशी मिळत नाही. पण इव्हेंट असेल तर पीएचपी बहुधा एफपीएममधून, म्हणजे अपाचीबाहेरच्या वेगळ्या प्रक्रियांतून, चालत असेल, आणि मग कोंडी अपाचीत नाही, एफपीएमच्या पोरप्रक्रियांमध्ये होते. एफपीएमचंही स्टेटस पान आहे, आणि तेही मुळात त्याच रांगेत उभं राहायचं. पीएचपी ८.० पासून पीएम-स्टेटस-लिसन हा पर्याय आला. त्यात वेगळं सॉकेट दिलं की स्टेटसचं उत्तर स्वतंत्रपणे मिळतं, सगळ्या पोरप्रक्रिया अडकलेल्या असल्या तरी. तिथे लिसन-क्यू आणि मॅक्स-चिल्ड्रन-रीच्ड हे दोन आकडे बघा. शिवाय रिक्वेस्ट-स्लोलॉग-टाइमआउट पाच सेकंदांवर ठेवलात, तर स्क्रिप्ट कोणत्या ओळीवर अडकली ते एफपीएम स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवतो. सेशनचं कुलूप असेल तर तिथे सरळ सेशन-स्टार्टचीच ओळ सापडेल.